कुंपणाशी धरलेली रायफल

९ सप्टेंबर २०१८

हेल्मी,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच टाकून दिलं असतंस, म्हणून वरचा पत्ता एनोकाकांकडून लिहून घेतलाय. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. दहा वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. आज एक कागद मागतेय.

ऑगस्टमध्ये माझा पॅरोल संपून पाच वर्षं झाली. आता काउंटीच्या कोर्टात अर्ज करता येतो की या बाईला पुन्हा बंदूक बाळगू द्या. न्यायाधीश दोनच गोष्टी बघतात, माझं रेकॉर्ड आणि माझ्याबद्दल लोकांचं मत. रेकॉर्ड आहे ते आहे, ते काही धुऊन निघायचं नाही. लोकांची पत्रं मात्र गोळा करता येतात. चर्चच्या पास्टरनी दिलंय, दुकानाच्या मालकिणीने दिलंय, एनोकाकांनी तर दोन पानं लिहिलीत आणि त्यातलं दीड पान स्वतःच्या गुडघ्यांबद्दल आहे. पण माझे वकील लाशान्स म्हणतात, "व्हर्ना, हा सगळा गठ्ठा एका पारड्यात आणि ज्या बहिणीने तुमची तक्रार केली तिचं पत्र दुसऱ्या पारड्यात. तेच जड होईल." शेरीफला फोन तू केला होतास. म्हणून तुझं पत्र हवंय.

गुन्हा म्हणशील तर काय होता? पप्पांच्या उशाशी पडून राहिलेल्या दुखण्याच्या गोळ्या मी विकल्या. जास्तीच्या होत्या. त्यांना लागत नव्हत्या त्या. थांब, भांडी निथळत ठेवलीत, ती पुसून येते.

आले. तर पप्पांची थर्टी-थर्टी रायफल तुझ्या कपाटात आहे हे मला ठाऊक आहे. तुझा नवरा हरणाच्या चित्राकडे बघूनही हळहळतो, त्याला तिचा काय उपयोग? पप्पांनी चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं, रायफल व्हर्नाची. मला माझ्या बापाची वस्तू हातात धरायची आहे, एवढंच. तारीख डिसेंबरच्या पाच तारखेची मिळालीय. चार ओळी लिहिल्यास तरी चालेल.

व्हर्ना


३० सप्टेंबर

हेल्मी,

तुझं कार्ड मिळालं. समोर कॅलामाझूचं कारंजं आणि मागे एक ओळ: "कोर्टाला काय सांगणार आहेस?" ना नमस्कार, ना चौकशी. तू शाळेतही अशीच होतीस, उत्तरपत्रिकेत एका शब्दात उत्तर लिहायचीस आणि वर पूर्ण गुण घ्यायचीस.

काय सांगणार म्हणजे? खरं तेच सांगणार. की मी सहा वर्षं पास्ट्यांच्या दुकानात पहाटेपासून पीठ मळतेय, त्यात मांस-बटाट्याचं सारण भरतेय. की दारू नाही, गोळी नाही, डोकं दुखलं तरी ओला फडका बांधून पडते. आत्ताही सलगम सोलता सोलता लिहितेय, डाग पडलाय तो त्याचाच. नव्या पोरी सारणात गाजर घालू म्हणतात. मी म्हटलं, गाजर घालायचं तर पुलाच्या पलीकडे, कॅलामाझूत जाऊन दुकान काढा. तू तिकडचीच झालीस आता, तुलाही चालत असेल गाजर.

रायफलीवाचून बाईचं काय अडतं, असं तुझ्या मनात येत असेल. लाशान्सनी पण विचारलं. मी त्यांना जूनमधली गोष्ट सांगितली. तळघरात पप्पांचं जुनं जाकीट सापडलं, खिशात हात घातला तर एक काडतूस. एकच. हेल्मी, मी जागच्या जागी गार पडले. माझ्यासारखीच्या घरात काडतूस सापडलं तरी पुन्हा आत जावं लागतं, ते कुणी कधी ठेवलं हे कोण ऐकून घेणार? मी भट्टीतले हातमोजे चढवले, चिमट्याने ते उचललं, बिस्किटांच्या डब्यात टाकलं आणि डबा छातीशी धरून एनोकाकांच्या घरापर्यंत पळत गेले. ते दारात उभे राहून इतके हसले की त्यांची कवळी निसटली. "अगं, पाल आहे का ती?" म्हणाले.

पंचावन्न वर्षांची झाले मी. ज्या बापाने मला सातव्या वर्षी नेम धरायला शिकवला, त्याचं काडतूस मी चिमट्याने उचलते. शेजारी कुणी बंदूक पुसत बसलं असेल तर मी कॉफी अर्धी टाकून उठते. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो, शाळा बंद, दुकानं बंद, अख्खं गाव रानात, आणि मी खिडकीतून गाड्या जाताना बघते. एनोकाका म्हणतात, धनुष्य घे की, त्याला कायद्याची ना नाही. माझा खांदा वर होत नाही हे त्यांना माहीत आहे, तरी म्हणतात. धनुष्य पप्पांचं नाही ना.

लिही गं. चारच ओळी.

व्हर्ना


२८ ऑक्टोबर

हेल्मी,

तुझी अट वाचली. "पत्र लिहीन, पण आधी सांग, त्या दिवसांत तू पप्पांना त्या गोळ्यांच्या जागी काय देत होतीस."

हे कोर्ट विचारणार नाहीये. कुणीच विचारलेलं नाही, तेव्हाच्या न्यायाधीशांनीही नाही. तू तेव्हा पुलाच्या पलीकडे होतीस, महिन्यातून एकदा फळं घेऊन यायचीस. रात्रंदिवस उशाशी मी होते. त्यांची अंथरुणं मी बदलली. आता दहा वर्षांनी तू मास्तरीण होऊन प्रश्न विचारणार आणि मी बाकावर उभी राहून उत्तर देणार?

जास्तीच्या होत्या म्हटलं ना.

पीठ फुगून वर आलंय. ठेवते.

व्हर्ना


१६ नोव्हेंबर

हेल्मी,

अट अजून आहेच का? मीही अजून रागातच आहे. पण कालचा दिवस कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाहीये, आणि सांगायला तूच आहेस. हे लिहिताना मोज्यांना चिकटलेली कुसळं उपटतेय. जमिनीवर ढीग झालाय.

मी रानात गेले होते. लाशान्सनी बजावलं होतं, यंदा रानाच्या वाटेला जाऊ नका. पण एनोकाका एकोणऐंशीचे, त्यांचा मुलगा यंदा आला नाही. दारात येऊन उभे राहिले नारिंगी जाकीट घालून. "तू बंदुकीला हात लावू नकोस. फक्त मी मेलो तर माझं प्रेत ओढायला चल. आणि हरीण मेलं तर ते ओढायला." मी निघाले.

बर्फ घोट्यापर्यंत होता. तोच वास, हेल्मी. ओल्या सूचिपर्णीचा आणि थर्मासमधल्या कॉफीचा. ओढ्याच्या वर निएमींच्या पडीक शेताशी गेलो, जिथे पप्पा आपल्याला न्यायचे. तारेचं कुंपण अजून उभं आहे. आठवतं का, पप्पा तिथे दर वेळी तेच बोलायचे, माणूस आणि बंदूक एकदम कुंपण ओलांडत नाहीत. बंदूक रिकामी करायची, सोबत्याच्या हातात द्यायची, आपण पलीकडे जायचं, मग ती घ्यायची. तू चार वर्षांची असताना तुझ्या हातात काठी देऊन ते नाटक करवून घ्यायचे. तू ती काठी नळी खाली करून धरायचीस, इतकी गंभीर.

एनोकाकांना हरीण मिळालं नाही. पडले नाहीत, काही झालं नाही. घरी आलो, घाम काढायला सौना तापवला, मी सूप केलं. काही झालं नाही.

व्हर्ना


२५ नोव्हेंबर

हेल्मी,

झालं होतं.

कुंपणाशी आल्यावर काकांनी रायफल रिकामी केली, काडतुसं खिशात टाकली आणि न बघता माझ्याकडे दिली. मी न बघता घेतली. विचारच आला नाही गं! सातव्या वर्षापासून तिथे हात असाच पुढे होतो. काका तारेवर चढले आणि जाकीट अडकलं. त्यांनी शिव्या घातल्या, ओढलं, फाडलं, मिनिटभर तरी गेलं असेल. ते पलीकडे उतरले, वळले आणि माझ्या हाताकडे बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"अरे देवा," ते म्हणाले. "व्हर्ना, इकडे दे. लवकर दे."

"दिलीत कशाला?"

"तू घेतलीस कशाला?"

मग दोघं तिथेच बर्फात उभे राहून एकमेकांवर ओरडलो. परतताना ते म्हणाले, "कुणी बघितलं? तू, मी आणि एक खार. खार साक्षीला येत नाही. मी बायबलवर हात ठेवून सांगेन, तुझे हात खिशात होते."

काल लाशान्सनी कोर्टातल्या प्रश्नांची तयारी करून घेतली. सरकारी वकील नक्की विचारणार, शिक्षेनंतर कधी बंदूक हातात घेतली का? लाशान्स म्हणाले, "तुमचं उत्तर नाही. सोपा प्रश्न आहे." मी मान हलवली. त्यांना काही बोलले नाही. हो म्हटलं तर अर्ज गेलाच, वर पाच वर्षांपर्यंतची नवी शिक्षा होऊ शकते. एका मिनिटाची, रिकाम्या बंदुकीची. काकांवरही बालंट येईल, देणारे तेच. नाही म्हटलं तर कुणाला कळणार नाही आणि रायफल माझी होईल. मग नाहीच म्हणणार. यात वाईट काय? मी कुणाला इजा केली?

गेले दहा दिवस झोप नाही. एका जागी बसवत नाही. दुकानात मीठ दोनदा घातलं, मालकीण बोलली. रात्री उठून अंगणातला बर्फ लोटते, मग शेजारची बाई खिडकी वाजवते. आता विणायला घेतलंय. हातमोजा. एका हाताचा झालाय, दुसऱ्याचा अंगठा जमत नाहीये, तीनदा उसवला. त्यातही लोकरीचं एक टोक टेबलाला बांधलंय म्हणून मधेच सुई ओढली जाते आणि अक्षर वाकडं येतं.

तुझं पत्र आलेलं नाही. येऊ नकोस, लिहू नकोस, मी माझं बघते.

व्हर्ना


६ डिसेंबर

हेल्मी,

तुझं पत्र थेट कोर्टात जाईल हे मला वाटलं नव्हतं. लाशान्सना त्याची प्रत सकाळी मिळाली. पायऱ्यांवर उभे राहून त्यांनी ती वाचली, टोपी काढली, पुन्हा घातली आणि मला म्हणाले, "आत काहीही झालं तरी शांत बसा." मला दाखवलं नाही.

न्यायाधीश बाई आहेत, आपल्याच वयाच्या. त्यांनी पास्टरचं पत्र वाचलं, मालकिणीचं वाचलं, एनोकाकांच्या गुडघ्यांपाशी आल्यावर त्यांनी थोडं गाळलं. मग म्हणाल्या, "मूळ तक्रारदाराचंही पत्र आहे. तुमची बहीण." आणि मोठ्याने वाचलं. मला पाठ झालंय ते. "मी व्हर्नाला दहा वर्षं पाहिलेलं नाही, म्हणून ती आता कशी आहे हे मला सांगता येणार नाही. एवढंच सांगू शकते की खोटं बोलताना ती हातांना काम देते. लहानपणापासून. तिचे हात रिकामे असतील तेव्हा ती जे सांगेल, त्यावर विश्वास ठेवावा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्या हातांकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. मांडीवर तो हातमोजा होता, विणलेला, आणि मी त्याचा अंगठा चौथ्यांदा का पाचव्यांदा उसवत होते. लोकरीचा धागा बाकाखाली पार लाशान्सच्या बुटापर्यंत गेला होता. मला कळलंही नव्हतं.

इतका राग आला तुझा. सांगते, तू समोर असतीस तर तोच मोजा फेकून मारला असता. आणि त्याच वेळी वाटलं, या जगात मला एवढं ओळखणारं माणूस एकच उरलंय आणि ते पुलाच्या पलीकडे राहतं.

सरकारी वकील उठले. तोच प्रश्न. शिक्षेनंतर आजपर्यंत तुम्ही बंदूक हातात घेतली आहे का? मी मोजा खाली ठेवला. दोन्ही हात समोरच्या कठड्यावर ठेवले. काय करावं कळेना त्यांना.

"हो," म्हटलं. "पंधरा नोव्हेंबरला. कुंपण ओलांडताना धरली. आणि नुसती धरली नाही. तो माणूस तारेत अडकला होता, पाठमोरा, तेव्हा मी ती खांद्याला लावली. दुखऱ्या खांद्याला. आणि निएमींच्या शेतापलीकडच्या एका झाडावर नेम धरला. चाप ओढला नाही. ती रिकामी होती."

हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. काकांनाही माहीत नव्हतं.

लाशान्सच्या हातातलं पेन पडलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "रायफल कुणाची?" मी म्हटलं, ते मी सांगणार नाही. तर मागच्या बाकावरून एनोकाका काठी आपटत उठले. "माझी! माझीच होती! आणि तिने धरली नसती तर मी अजून त्या तारेवर वाळत असतो!" लोक हसले. न्यायाधीशांनी त्यांना खाली बसायला सांगितलं, ते काही लवकर बसले नाहीत, गुडघ्यांमुळे.

अर्ज नामंजूर झाला. बारा महिन्यांनी पुन्हा करता येईल म्हणाल्या. बाकीचं आमचं ऑफिस बघेल, असं सरकारी वकील म्हणाले, वर न बघता. म्हणजे खटला होईल किंवा होणार नाही. काल घरी आल्यावर टपालवाल्याने थाप मारली तरी मी घाबरले. पण बाहेर पडताना न्यायाधीशांनी मला थांबवून विचारलं, "तुम्ही नाही म्हणू शकला असतात. मग हो का म्हणालात?" मी म्हटलं, "हात रिकामे होते, बाई." त्या हसल्या नाहीत. मान हलवली त्यांनी.

आता तुझा प्रश्न.

जास्तीच्या नव्हत्या, हेल्मी. एकही जास्तीची नव्हती. विकल्या थोड्या, खाल्ल्या मी जास्त. पाठ दुखते म्हणून सुरू केल्या, मग पाठ दुखायची थांबली तरी मी थांबले नाही. पप्पांना मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या देत होते. पांढऱ्या, तेवढ्याच आकाराच्या. सहा आठवडे. ते म्हणायचे, "व्हर्ना, ही गोळी लागू पडत नाही गं." मी म्हणायचे, "वेळ लागतो, पप्पा." आणि त्यांची उशी सारखी करायचे, चादर ओढायचे, पेला धुवायचे. सारखी काहीतरी करत असायचे मी. त्यांना वाटलं दुखणंच वाढलंय. त्यांनी डॉक्टरकडे तक्रारही केली नाही. पुरुषासारखं सोसायचं म्हणून दात आवळून भिंतीकडे तोंड करून पडायचे. तू फोन केलास आणि मला नेलं, त्यानंतरच त्यांना खरी गोळी मिळाली. जाण्याआधीचे तीन आठवडे मिळाली. तू मला तुरुंगात टाकलंस असं मी दहा वर्षं सगळ्यांना सांगत आले. तू त्यांना सोडवलंस.

आणि ती चिठ्ठी. तुला मी अर्धीच सांगितली. ती त्यांनी त्याच सहा आठवड्यांत लिहिली, माझ्यासमोर, मीच त्यांना पेन दिलं. पूर्ण अशी आहे: "रायफल व्हर्नाची, कारण ती माझ्याजवळ राहिली." चिठ्ठी या पाकिटात घातलीय. तुझ्याकडे असू दे. कोर्टाने पुढच्या वर्षी हो म्हटलं तरी ती रायफल माझी नाही. विकू मात्र नकोस. वर्षातून एकदा तेल लाव, पप्पा पंधरा तारखेच्या आदल्या दिवशी लावायचे तसं. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, तेवढा वेळ बाहेर चक्कर मारून ये.

क्षमा माग असं तू म्हणाली नाहीस, आणि ज्यांची मागायची ते नाहीत. तुझी मागते.

हे पत्र लिहायला सकाळ गेली. दुकानात गेले नाही. चुलीवर काही नाही, विणकाम कपाटात टाकलंय. डावा हात टेबलावर पालथा ठेवलाय आणि उजव्यात फक्त पेन आहे.

व्हर्ना